गाण्याचे मोल कोणी ठरवायचे? रेडिओ, रॉयल्टी आणि अपुरी राहिलेली व्यवस्था

खासगी एफएम केंद्रावरून चार मिनिटांचे चित्रपटगीत वाजते तेव्हा श्रोत्याला एकच गाणे ऐकू येते. कायद्याच्या लेखी मात्र तेथे तीन स्वतंत्र कृती असतात. शब्द ही साहित्यकृती, चाल ही संगीतकृती आणि या दोन्हींतून साकारलेले ध्वनिमुद्रण ही तिसरी. पहिल्या दोहोंचे कर्ते गीतकार व संगीतकार असतात, तर तिसरीची मालकी बहुधा संगीत कंपनीकडे असते. प्रसारणाचा मोबदला यांपैकी कोणाला, किती आणि कोणी ठरविलेल्या दराने मिळावा, हा वाद जवळपास पाच दशके न्यायालयांत फिरत आहे. २०१२ च्या कायदादुरुस्तीने ‘कोणाला’ याचे उत्तर दिले. ‘किती’ आणि ‘कोणी ठरवायचे’ हे प्रश्न मात्र अजूनही सुटलेले नाहीत.

निर्मात्याकडून निर्मितीकाराकडे

वादाचे मूळ सर्वोच्च न्यायालयाच्या १९७७ च्या निकालात आहे. चित्रपट निर्मात्याने मोबदला देऊन गीत वा संगीत करवून घेतले आणि करारात वेगळी तरतूद नसली, तर त्याचा पहिला मालक निर्माताच, असे न्यायालयाने इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या (आयपीआरएस) प्रकरणात म्हटले. न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी निकालाशी सहमती दर्शवितानाच गायकाचा हक्क कायद्याने दुर्लक्षिल्याकडे संसदेचे लक्ष वेधले होते. व्यवहारात मात्र एकरकमी मानधन आणि सर्व हक्कांचे हस्तांतरण हीच रीत रूढ राहिली. गाणे पुढे कितीही वर्षे वाजले, तरी त्याच्या कर्त्याचा हिशेब पहिल्याच दिवशी बंद होत असे.

संसदेने मे २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती केली आणि ती २१ जून २०१२ पासून लागू झाली. राज्यसभेचे तत्कालीन सदस्य, गीतकार जावेद अख्तर यांनी तिचा जोरदार पाठपुरावा केला होता. चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता अन्य कोणत्याही वापरासाठी मिळणाऱ्या रॉयल्टीतील समान वाटा गीतकार व संगीतकाराला सोडून देता येणार नाही, असे कलम १८ मध्ये नमूद झाले. चित्रपटाबाहेरील गाण्यांनाही कलम १९ ने असेच संरक्षण दिले. मराठीसाठी ही तरतूद विशेष महत्त्वाची आहे. कारण भावगीत, भक्तिगीत आणि अल्बममधील गाणी यांचा येथे मोठा प्रवाह आहे.

रेडिओ केंद्रांचा युक्तिवाद

ध्वनिमुद्रणाच्या मालकाला शुल्क दिल्यावर त्याच गाण्यासाठी गीतकार-संगीतकारांना वेगळे पैसे का द्यायचे, असा प्रसारकांचा प्रश्न होता. दुरुस्तीपूर्वीच्या कायद्याखाली उद्भवलेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा निकाल त्यांच्या बाजूने गेला. दुरुस्तीनंतरची स्थिती वेगळी असल्याचे मुंबई उच्च न्यायालयाने २८ एप्रिल २०२३ रोजी स्पष्ट केले. ध्वनिमुद्रण प्रसारित करताना त्यातील गीत व संगीताचाही वापर होतो, म्हणून कर्त्यांना रॉयल्टी देणे रेडिओ कंपन्यांवर बंधनकारक आहे, असे न्यायमूर्ती मनीष पितळे यांनी आयपीआरएसच्या अंतरिम अर्जांवर नमूद केले.

दर ठरविण्याची कहाणी याहून गुंतागुंतीची आहे. कॉपीराइट मंडळाने ऑगस्ट २०१० मध्ये ध्वनिमुद्रणांसाठी रेडिओ केंद्रांच्या निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या दोन टक्के रॉयल्टी निश्चित केली. केंद्राची कमाई वाढली तर शुल्क वाढेल, घटली तर घटेल, हे त्यामागील सूत्र होते. प्रसारकांना ते परवडणारे वाटले. संगीत कंपन्यांना ते अपुरे वाटत राहिले. त्या दरांची मुदत संपल्यानंतर बौद्धिक संपदा अपिलीय मंडळाने ३१ डिसेंबर २०२० रोजी प्रत्यक्ष गाणी वाजण्याच्या तासांवर आधारित नवे दर ठरविले आणि गीत-संगीतासाठी स्वतंत्र दर दिले. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत, एप्रिल २०२१ मध्ये, केंद्र सरकारने हे मंडळच रद्द केले. त्याचे काम न्यायालयांकडे गेले.

येथेच खरी अडचण आहे. दर ठरविणे हे केवळ दोन पक्षांतील तंटा सोडविण्याचे काम नव्हे. महानगरातील केंद्र आणि जिल्ह्याच्या ठिकाणचे केंद्र यांची मिळकत, दिवसातील वेळ, गाण्यांचे प्रमाण असा सारा हिशेब त्यासाठी मांडावा लागतो आणि तो ठरावीक काळाने पुन्हा तपासावा लागतो. आधीच खटल्यांनी वाकलेल्या न्यायालयांवर हा भार टाकल्याने प्रसारकाला पुढील वर्षाचा खर्च कळत नाही आणि कर्त्याला पुढील वर्षाची मिळकत.

वैधानिक परवान्याच्या मर्यादा

मालकाची संमती नसली तरी पूर्वसूचना व ठरलेली रॉयल्टी देऊन प्रसारण करण्याची मुभा कलम ३१-ड देते. सूचनेत प्रसारित होणाऱ्या गाण्यांचा तपशील आगाऊ देण्याची नियमातील अट प्रसारकांना जाचक वाटते. मद्रास उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाद्वारे तपशील नंतर देण्याची सवलत दिली होती; सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये तो आदेश रद्द केला. न्यायालयाने अंतरिम टप्प्यावर नियमाचे पुनर्लेखन करू नये, असा त्याचा आशय होता.

इंटरनेटवरील संगीतसेवा या कलमाच्या कक्षेबाहेर आहेत, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने टिप्स विरुद्ध विंक प्रकरणात २०१९ मध्ये दिला आणि खंडपीठाने २०२२ मध्ये तो कायम ठेवला. त्यामुळे एकाच गाण्याला रेडिओवर वैधानिक दर लागू होतो, तर मोबाइलवर वाटाघाटीतून ठरलेला.

वसुली कोणी करावी, याविषयीही एकमत नाही. नोंदणीकृत कॉपीराइट सोसायटी नसलेल्या कंपनीला परवाने देता येतील का, यावर मुंबई व दिल्ली उच्च न्यायालयांनी वेगळी मते मांडली आणि वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. लग्नसमारंभातील संगीताबाबत गोवा सरकारने काढलेले परिपत्रकही मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केले.

या साऱ्यातून एक गोष्ट पुढे येते. हक्क कायद्याच्या पानावर पुरेसा सुस्पष्ट आहे. तो कर्त्याच्या हाती पोहोचविणारी यंत्रणा अपुरी आहे. दर निश्चित करणारी स्थायी तज्ज्ञ व्यवस्था आणि वसूल रकमेच्या वाटपाचा खुला हिशेब, या दोन गोष्टी झाल्या तर प्रसारक आणि निर्मितीकार दोघांचीही अनिश्चितता कमी होईल. तोवर रॉयल्टीचा प्रत्येक रुपया सुनावणीच्या पुढील तारखेवर अवलंबून राहील.