सर्वांत उंच: ‘इन’ की ‘ऑफ’?
इंग्रजीत सुपरलेटिव्हनंतर ‘इन’ घ्यायचे की ‘ऑफ’, हे पुढच्या नामावर ठरते. स्थळ किंवा एकवचनी समूह असेल तर ‘इन’ येते: ‘द हायेस्ट माउंटन इन द वर्ल्ड’, ‘द टॉलेस्ट गर्ल इन द क्लास’. ज्यांच्यात तुलना चालली आहे ते अनेकवचनात असतील तर ‘ऑफ’: ‘द टॉलेस्ट ऑफ द थ्री सिस्टर्स’. कालावधी सांगतानाही सहसा ‘ऑफ’च वापरतात: ‘द लाँगेस्ट डे ऑफ द इयर’. मराठीत ‘वर्गातली’, ‘बहिणींतली’, ‘वर्षातला’ या तिन्ही ठिकाणी एकाच ‘त’वर भागते; त्यामुळे मराठी विद्यार्थी बहिणींपुढेही सहज ‘इन’ लावून मोकळा होतो. पुढे उपवाक्य आले, तर प्रिपोझिशन लागतच नाही: ‘द बेस्ट फिल्म आय हॅव एव्हर सीन’.