शनिवारचा घाणा

श्रावण अमावस्येच्या आदल्या सायंकाळी परभणी जिल्ह्यातल्या गावोगावी बैलांची खांदेमळणी होते. जुवाने घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळले जाते. दुसऱ्या दिवशी, पोळ्याला, बैलाच्या मानेवर जू चढत नाही आणि घरधनीण त्याला ओवाळून पुरणपोळीचा घास देते. वर्षभर राबणाऱ्या मुक्या जिवाचे ऋण मानणारा हा सण कृषिसंस्कृतीचे भूषण आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. तथापि वर्षातून एकदा येणारी बैलाची ही विश्रांती दर आठवड्याला, म्हणजे वर्षातून ५२ वेळा, धर्माज्ञा म्हणून पाळणारे लोक याच महाराष्ट्रात शतकानुशतके नांदले, ही गोष्ट मराठवाड्यात फारशी ठाऊक नाही.

कोकणात त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. अलिबाग, पेण, रोहे, पनवेल या पट्ट्यातल्या खेड्यांत त्यांचे तेलाचे घाणे होते. शुक्रवारी सूर्यास्ताला घाणा थांबे, तो शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत हलत नसे. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली ते ‘सोमवार तेली’ आणि हे ‘शनिवार तेली’, इतक्या साध्या खुणेने गावाने त्यांना ओळखले आणि आपल्यात सामावून घेतले. हे लोक म्हणजे बेने इस्रायल, अर्थात महाराष्ट्रातले ज्यू. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. दिवेकर, केहिमकर, रोहेकर, पेणकर, अष्टमकर ही त्यांची आडनावे त्या त्या गावावरून पडली. घरात बोली मराठी, स्त्रियांच्या अंगावर लुगडे, गळ्यात मंगळसूत्र.

या समाजाच्या इतिहासातली खरोखर विचार करायला लावणारी बाब वेगळीच आहे. त्यांच्याजवळ ग्रंथ उरला नव्हता. हिब्रू भाषा विसरली गेली होती. पुरोहित नव्हता आणि प्रार्थनामंदिरही नव्हते. मुंबईतले त्यांचे पहिले सिनेगॉग सामाजी हसाजी दिवेकर या कंपनी सरकारच्या सैन्यातील अधिकाऱ्याने १७९६ साली बांधले. त्यापूर्वीची कित्येक शतके हा समाज मंदिराविना होता. जवळ राहिल्या त्या केवळ चार-दोन चालरीती. शनिवारी काम नाही. मुलाची आठव्या दिवशी सुंता. ज्या माशाला खवले आणि पर नाहीत तो मासा घरात शिजवायचा नाही. मांसात दूध मिसळायचे नाही. कोकणात नारळ मुबलक असल्याने नारळाच्या दुधाने ही अडचण आपोआप सुटली. आणि ‘शेमा’ ही ईश्वराचे एकत्व सांगणारी प्रार्थना, तीच जन्माला, तीच लग्नाला आणि तीच मृत्यूला. सणांची मूळ नावेसुद्धा पुसली जाऊन त्यांच्या जागी मराठी नावे आली होती. वर्षाच्या प्रायश्चित्ताचा दिवस ‘दारफाळणीचा सण’ झाला, कारण त्या दिवशी दारे लावून, शुभ्र वस्त्रे नेसून, उपास करून घरात बसायचे. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन वालाच्या बिरड्यावरून ‘बिरड्याचा सण’ झाला.

पुढे दाविद रहाबी नावाचा ज्यू धर्मज्ञ कोकणात आला. हे लोक खरोखर आपल्याच धर्माचे आहेत का, हे पाहण्यासाठी त्याने निरनिराळ्या जातींचे मासे बायकांसमोर ठेवून ते रांधायला सांगितले, अशी कथा आहे. बायकांनी खवल्यांचे मासे निवडून घेतले आणि उरलेले बाजूला सारले. रहाबीची खात्री पटली. त्याने तिघा तरुणांना शिकवून तयार केले आणि झिराडकर, राजपूरकर, शापूरकर या घराण्यांकडे काजीपद आले. कथेतला तपशील इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकतो, हा अभ्यासकांचा प्रश्न आहे. परंतु एका समाजाने स्वतःविषयी ही कथा जपली, यात मोठा अर्थ आहे. धर्माची परीक्षा पंडिताची झाली नाही, ती चुलीपाशी बसलेल्या बाईची झाली.

ज्यू आचारशास्त्राला ‘हलाखा’ म्हणतात आणि त्या शब्दाचे मूळ ‘चालणे’ या धातूत आहे. मराठीतल्या ‘चालरीत’ या शब्दाची येथे सहज आठवण व्हावी. या शास्त्रात परंपरेने ६१३ आज्ञा मोजल्या जातात. सकाळी डोळे उघडताच परत मिळालेल्या प्राणाबद्दल कृतज्ञता, भाकरी तोडण्यापूर्वी हात धुऊन आशीर्वचन, घराच्या चौकटीवर लावलेल्या धर्मवचनाला येता-जाता स्पर्श, अशी दिवसाची घडी आहे. शब्बाथला, म्हणजे शनिवारी, कोणती कामे वर्ज्य याचे ३९ प्रकार शास्त्रकारांनी ठरवले. अग्नी पेटवणे वर्ज्य, म्हणून दिवा आणि स्वयंपाक शुक्रवारी सायंकाळपूर्वीच. प्रथमदर्शनी हे सारे कर्मकांडाचे अवडंबर वाटेल. बारकाईने पाहिल्यास त्यातले मर्म दिसते. प्राणावर बेतले असेल तर शब्बाथ मोडणे हेच कर्तव्य, असे तेच शास्त्र बजावते. जनावराला वैरण घातल्याखेरीज धन्याने अन्नाला हात लावू नये, असेही सांगते. आपल्याकडील गोग्रासाची रीत याच जातीची. आणि शब्बाथची मूळ आज्ञा एकट्या यजमानाच्या विश्रांतीपुरती नाही. बायबलच्या ‘अनुवाद’ या ग्रंथात बैल, गाढव, दास, दासी आणि दाराशी आलेला परका या सर्वांना त्या दिवशी विसावा मिळालाच पाहिजे, असे स्पष्ट सांगितले आहे. दासाला आणि दासीला आपल्यासारखाच विसावा मिळावा, हा हेतूही तेथेच दिला आहे. कोकणातला घाणा शुक्रवारी थांबे तेव्हा तेलीबुवा प्रार्थना म्हणत. पण त्याच वेळी डोळ्यांवर झापड बांधून दिवसभर गोल फिरणारा बैलही मोकळा होई.

एकोणिसाव्या शतकात लिथुआनियामध्ये इस्रायल सालांतर (१८१०–१८८३) नावाचे मोठे ज्यू गुरू होऊन गेले. आचाराच्या पालनाबरोबर मनुष्याचा स्वभाव सुधारला पाहिजे, क्रोध, अहंकार आणि आळस यांचा रोजचा हिशेब ठेवला पाहिजे, असा आग्रह धरणारी ‘मुसार’ नावाची चळवळ त्यांनी उभी केली. त्यांच्याविषयी एक गोष्ट सांगतात. भोजनापूर्वी हात धुताना ते अगदी मोजके पाणी वापरीत. शास्त्रात तर भरपूर पाणी घेणे प्रशस्त मानलेले! शिष्यांनी कारण विचारले, तेव्हा त्यांनी लांबून पाणी वाहून आणणाऱ्या मोलकरणीकडे बोट दाखवले. तिच्या खांद्यावर आपले पुण्य लादायचे नाही, असा त्यांचा आशय होता. दुसरी गोष्ट वल्हांडण सणाच्या बेखमीर रोट्यांची. त्या भाजताना कोणती काळजी घ्यावी, असे विचारणाऱ्या शिष्यांना त्यांनी पिठाचे किंवा पाण्याचे नियम सांगितले नाहीत. पीठ मळणाऱ्या विधवेवर कोणी ओरडू नये, एवढेच सांगितले.

डोक्यावरच्या हंड्याचे ओझे काय असते, हे मराठवाड्याला लिथुआनियाकडून शिकण्याची गरज नाही. परभणी जिल्ह्यातल्या गोदाकाठच्या गंगाखेडचीच जनाबाई पंढरपुरात दामाशेटींच्या घरी दासी म्हणून राहिली. दळण, कांडण, पाणी भरणे, शेण गोळा करणे हेच तिचे साधन झाले. तिच्या जात्यावर विठ्ठल दळू लागला, असे वारकरी संप्रदाय श्रद्धेने मानतो. गंगाखेडला तिचे मंदिर आहे आणि तिथे दर्शनाला जाणाऱ्यांची संख्याही मोठी आहे. परंतु त्या कथेतला विठ्ठल काय करतो? तो जनीकडून पूजा करवून घेत बसत नाही, तिच्या कामाला हात लावतो. आज सुखवस्तू घरांत श्रावणी सोमवार, मंगळागौर, महालक्ष्म्या, सत्यनारायण थाटाने होतात आणि ते व्हायलाच हवेत. पण सोळा भाज्यांच्या त्या नैवेद्यामागची भांडी कोण घासते? घरातली सून उपाशीपोटी किती वाजेपर्यंत उभी असते? सणाच्या दिवशी धुणेभांडीवालीला सुटी मिळते, की त्याच दिवशी तिला दुप्पट काम पडते? आपल्या कुलाचाराची कसोटी सालांतरांनी लावली असती, तर किती घरे उतरली असती, याचा विचार कार्यकर्त्यांच्या कुटुंबांनीही करायला हरकत नाही.

नियम पाळणाऱ्यांना माणसाचा विसर पडतो तेव्हा काय होते, याचा कटू अनुभव खुद्द बेने इस्रायलांनी घेतला. इस्रायलमध्ये गेल्यावर, १९६०नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, तेथील धर्मपीठाने त्यांच्या विवाहांबाबत वंशचौकशीची अट घातली. ग्रंथाविना शतके धर्म टिकवून धरणाऱ्यांच्या ज्यू असण्यावरच ग्रंथवेत्त्यांनी शंका घेतली! जेरुसलेममध्ये धरणे धरण्यापर्यंत प्रकरण गेले आणि अखेर १९६४ साली त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मान्यता देणे भाग पडले. भारतात मात्र त्यांचा छळ करण्याची बुद्धी कोणाला झाली नाही, ही गोष्ट ते स्वतः कृतज्ञतेने सांगतात. आपल्याकडील व्याख्यानांतून ती अभिमानाने सांगितली जाते आणि तो अभिमान रास्तच आहे. मात्र तेवढ्यावरच थांबण्याची सवय फारशी चांगली नव्हे. शेजारी दोन हजार वर्षे राहिला असे आपण म्हणतो, आणि त्याच्या घरात शुक्रवारी सायंकाळी काय घडत होते, हे विचारण्याची उत्सुकता मात्र आपण दाखवीत नाही. त्यांनी आपल्याकडून बरेच घेतले. १८४६मध्ये त्यांच्या वल्हांडण सणाची पोथी मराठी भाषांतरासह मुंबईत छापली गेली, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत त्यांनी आपली कीर्तने रचली, आणि एलियाहू हनबीच्या नावाने ते पोहे, खोबरे आणि फळांचा ‘मलिदा’ अर्पण करतात. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात वीस हजारांच्या घरात असलेला हा समाज आता येथे काही हजारांवर आला आहे. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा बहुतेक घरे इस्रायलला निघून गेली होती. त्यांचे घाणे तर कधीच थांबले.

परभणीत करडईचे पीक जुने. येथील कृषी विद्यापीठाने काढलेल्या करडईच्या एका वाणाचे नावच ‘परभणी कुसुम’ आहे. बैलघाण्यांची जागा यंत्रांनी घेतली आणि नांगरटीची कामे ट्रॅक्टरकडे गेल्यामुळे बैलही पूर्वीइतका राबत नाही. राबतो तो सालगडी. त्याचा करार गुढीपाडव्याला होतो आणि पुढच्या पाडव्याला संपतो. त्यात रोख किती, धान्य किती, उचल किती हे ठरते. आठवड्याची सुटी हा विषय बहुधा निघतच नाही. गुरांना सुटी नसते, मग गड्याला कशी देणार, असा मालकाचा नेहमीचा युक्तिवाद असतो. त्यात तथ्य आहे. गोठ्यातले शेण आणि वैरण-पाणी कोणाला तरी पाहावेच लागते. ते आठवड्यातून एक दिवस मालकाच्या शिकलेल्या मुलाने पाहावे. सोमवार पाळणाऱ्या घराने सोमवार ठरवावा, वारकरी घराला एकादशी सोयीची वाटली तर महिन्याच्या दोन एकादश्या धराव्यात. येत्या पाडव्याच्या करारात एवढी एक ओळ वाढवायला पैसा फारसा लागणार नाही; शेणाचे टोपले मात्र त्या दिवशी घरच्याच माणसाला उचलावे लागेल.