इम्युनिटी असूनही रक्ताचा कॅन्सर सुटतो कसा?

भंडारा जिल्ह्यात कुणाला रक्ताचा कॅन्सर निघाला की उपचारांसाठी साधारण साठ किलोमीटरवरचं नागपूर गाठावं लागतं. सोबत व्हॉट्सअ‍ॅपवरचा सल्ला असतोच: काढा घ्या, इम्युनिटी वाढवा. पण अनेकदा इम्युनिटी जागेवर असते, तिचा ब्रेक दाबलेला असतो.

आपल्या टी-पेशींवर पीडी-1 नावाचा ब्रेक असतो. त्यामुळे त्या शरीराच्याच पेशींवर तुटून पडत नाहीत. हॉजकिन लिम्फोमाच्या पेशी पीडी-एल1 हे प्रथिन भरपूर बनवून नेमका तोच ब्रेक दाबतात. टी-पेशी शेजारी असूनही गप्प! हा ब्रेक सोडवणारं निव्होलुमॅब या आजारात चांगलं चालतं. मात्र मोकाट सुटलेल्या टी-पेशी कधी फुप्फुसांवर, यकृतावरही हल्ला करतात. या संशोधनासाठी जपानचे तासुकु होंजो 2018 च्या नोबेलचे मानकरी ठरले.

सगळ्याच रक्ताच्या कॅन्सरना ही किल्ली लागत नाही. ल्युकेमियाच्या काही पेशी सीडी47 वापरून 'मला खाऊ नका' असा इशारा देतात. तो रोखणारं मॅग्रोलिमॅब मोठ्या चाचण्यांत फसलं.

मुंबईत आयआयटी आणि टाटा मेमोरियलने वेगळी वाट धरली. रुग्णाच्याच टी-पेशी प्रयोगशाळेत बदलून परत देणाऱ्या नेक्सकार19 ला 2023 मध्ये मंजुरी मिळाली. परदेशापेक्षा ती बरीच स्वस्त आहे, पण खर्च लाखांतच.