खोक्यावरचा वेग आणि केबलमधला वेग

संगणकाच्या आत बसवण्यासाठी तयार झालेली एनव्हीएमई जातीची एसएसडी ॲल्युमिनियमच्या एनक्लोजरमध्ये, म्हणजे बाजाराच्या भाषेत केसिंगमध्ये, घालून तिचा बाहेरची डिस्क म्हणून वापर करण्याची पद्धत दृश्यसंकलक आणि छायाचित्रकारांत आता चांगली रुळली आहे. तयार पोर्टेबल एसएसडीच्या आत नेमके काय दडले आहे हे खरेदीदाराला क्वचितच कळते, तर स्वतः जोडलेल्या डिस्कचे दोन्ही भाग पारखून घेता येतात आणि एक बिघडल्यास तेवढाच बदलता येतो, हे या पद्धतीचे समर्थन रास्तच आहे. मात्र ही खरेदी करताना ज्या आकड्याकडे पाहिले जाते तो बहुतेक वेळा कामाचा नसतो.

डिस्कच्या खोक्यावर छापलेला सेकंदाला ७,००० मेगाबाइटचा वेग हा ती मदरबोर्डवर, पीसीआय एक्स्प्रेसच्या चौथ्या पिढीच्या चार मार्गिकांवर बसलेली असतानाचा असतो. केसिंगमध्ये गेल्यावर डिस्क आणि संगणक यांच्यामध्ये ब्रिज चिप नावाचा दुभाषी येतो आणि पुढचा वेग तो दुभाषी, केबल आणि संगणकाचे पोर्ट यांतील सर्वांत मंद घटक ठरवतो. १० गिगाबिटच्या यूएसबी जोडणीतून प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे १,००० मेगाबाइट हाती पडतात. थंडरबोल्ट ३ किंवा ४० गिगाबिटच्या यूएसबी४मधून साधारण ३,००० किंवा थोडे अधिक. यांच्या मधले, ‘जेन २ बाय २’ या अवघड नावाचे २० गिगाबिटचे मानक मॅक संगणकांना मान्य नसल्याने तेथे ते निमूटपणे १० गिगाबिटवर उतरते. आणि मोबाइलच्या चार्जरसोबत आलेली केबल लावल्यास हा सगळा हिशेबच कोलमडतो, कारण तशा अनेक केबल यूएसबी २च्या ४८० मेगाबिटपलीकडे जात नाहीत.

संकलनाची गरज या आकड्यांशी ताडून पाहिली पाहिजे. प्रोरेस ४२२ एचक्यू या स्वरूपातील यूएचडी चित्रण, सेकंदाला २५ चौकटींच्या दराने, सुमारे ७३७ मेगाबिट म्हणजे ९२ मेगाबाइट इतका प्रवाह मागते, आणि तासाभराच्या चित्रणाला सुमारे ३३२ गिगाबाइट जागा लागते. अशा तीन-चार कॅमेऱ्यांचे मल्टिकॅम संकलनसुद्धा १० गिगाबिटच्या साध्या केसिंगवर निभते. त्यामुळे तेथे तिसऱ्या पिढीची डिस्क पुरेशी असताना चौथ्या पिढीचीच घेण्याचा आग्रह निव्वळ हौसेचा म्हणावा लागेल.

खरा प्रश्न वाचनाचा नसून लांबलचक लेखनाचा आहे. आजच्या बहुतेक डिस्क एका मेमरी सेलमध्ये तीन बिट (टीएलसी) किंवा चार बिट (क्यूएलसी) साठवतात. असे दाटीने लिहिणे मंद असल्यामुळे डिस्क आपल्या मोकळ्या जागेचा काही भाग तात्पुरता एका सेलमध्ये एकच बिट या पद्धतीने वापरते आणि या भागाला एसएलसी कॅशे म्हणतात. तो भरेपर्यंत सगळे सुसाट चालते; भरला की लेखनाचा वेग डिस्कच्या मूळ कुवतीवर येतो, आणि काही क्यूएलसी डिस्कमध्ये ही कुवत साध्या हार्ड डिस्कच्याही खाली जाते. लग्नसमारंभाचे दिवसभराचे चित्रण रात्री उतरवून घेताना प्रगतीची पट्टी अर्ध्यावर येऊन रेंगाळू लागते, त्याचे हे एक नेहमीचे कारण होय. डिस्क जितकी भरलेली, तितका हा कॅशे सहसा आखूड होतो. शिवाय स्वतःची डीरॅम नसलेल्या स्वस्त डिस्क संगणकाच्या स्मृतीतून थोडी जागा उसनी घेतात, ती सोय यूएसबी ब्रिजच्या पलीकडून मिळत नाही. म्हणून बाहेरच्या वापरासाठी डीरॅम असलेली टीएलसी डिस्क घ्यावी आणि काटकसर करायचीच तर ती केसिंगच्या पिढीत करावी.

दुसरा शत्रू उष्णता. २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब अशा या पट्टीला केसिंगमध्ये सहसा पंखा नसतो; तिची उष्णता थर्मल पॅडमधून ॲल्युमिनियमच्या कवचाकडे जावी लागते. या पॅडच्या दोन्ही बाजूंना पातळ संरक्षक पापुद्रा असतो आणि जोडणाऱ्याकडून त्यातला एक हमखास तसाच राहतो, त्यामुळे पॅड बसवूनही डिस्क तापते आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे उघड्यावर चित्रीकरण असताना पारा ४५ अंशांवर गेला, तर कॅमेऱ्यातून थेट डिस्कवर मुद्रण करणाऱ्यांना हा धोका अधिक संभवतो.

जोडणी करताना पट्टीच्या खाचाही पाहाव्यात: एनव्हीएमई पट्टीला सहसा एक खाच असते, तर दिसायला तशाच असणाऱ्या साटा पट्टीला दोन, आणि केवळ एनव्हीएमईसाठी बनलेले केसिंग तिला ओळखत नाही.

विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालावे म्हणून अशा डिस्क बहुधा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केल्या जातात. त्या पद्धतीत जर्नल, म्हणजे अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंदवही, नसल्यामुळे ‘इजेक्ट’ न करता ओढलेली केबल संपूर्ण फोल्डर नाहीसा करू शकते. काम संपल्यावर ही डिस्क संग्रह म्हणून कपाटात ठेवण्याची सवयही लागते आहे, ती तर सर्वथा गैर आहे. जेडेक या मानक संस्थेच्या निकषानुसार सामान्य ग्राहकाच्या एसएसडीने आपली लेखनमर्यादा संपल्यानंतर, वीज न मिळता, ३० अंश सेल्सिअस तापमानात एक वर्ष माहिती टिकवणे एवढेच अपेक्षित आहे. नवी डिस्क याहून पुष्कळ अधिक काळ टिकवील, परंतु उन्हाळ्यात बंद खोलीतले लोखंडी कपाट ३० अंशांवर थांबत नाही.