झुबुंटूलाही पाच वर्षे द्या : मार्क शटलवर्थ यांना खुले पत्र

श्री. मार्क शटलवर्थ,
संस्थापक, कॅनॉनिकल



उबुंटूच्या एलटीएस, म्हणजे दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला सुरक्षेचे अपडेट पाच वर्षे मिळतात. तिच्याच बरोबर, तिच्याच पायावर निघणाऱ्या झुबुंटू, लुबुंटू आणि कुबुंटू यांना मात्र तीनच वर्षे. एप्रिल २०२४ मध्ये आलेली उबुंटू २४.०४ ही २०२९ पर्यंत चालेल. झुबुंटू २४.०४ ची मुदत २०२७ मध्येच संपते. हा दोन वर्षांचा फरक तुम्ही मिटवावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

उबुंटू ज्या लिनक्सवर उभी आहे, त्यात डेस्कटॉप किंवा पडद्यावरचा भाग, म्हणजे मेनू, पॅनेल, खिडक्या, फाइली उघडण्याची सोय, हा मूळ यंत्रणेपासून सुटा असतो. उबुंटूवर मुळात ग्नोम येतो. ज्यांना तो जड जातो किंवा रुचत नाही, त्यांच्यासाठी झुबुंटूवर एक्सएफसीई आहे, लुबुंटूवर एलएक्सक्यूटी, कुबुंटूवर केडीई प्लाझ्मा. या बांधण्यांना तुम्ही फ्लेवर म्हणता. नाव हौसेचे वाटते, पण आमच्याकडे ही निवड हौसेने होत नाही.

तालुक्याच्या एका शाळेतल्या संगणक खोलीची गोष्ट सांगतो. यंत्रे देणगीतून आलेली, २ जीबी रॅमची, जुन्या हार्ड डिस्कची. विंडोज ११ त्यांवर चढत नाही आणि विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. एका यंत्रावर उबुंटू २४.०४ घातली. शाळेतल्या शिक्षिका बाईंनी फायरफॉक्समध्ये शाळेची माहिती भरायचे यू-डायसचे पान उघडले आणि कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा लागला तो विझेचना. एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात जायला इतका वेळ, की बाईंनी कीबोर्डवरून हात काढून घेतले. यात उबुंटूने फसवले असे मी म्हणणार नाही, त्या आवृत्तीच्या तुमच्याच शिफारशीत ४ जीबी रॅम लिहिलेली आहे. पण त्या मदरबोर्डला चालणारी डीडीआर२ रॅम आता जुन्या बाजारात शोधावी लागते, आणि तेवढा खर्च शाळेच्या कुठल्याच खात्यात बसत नाही. त्याच यंत्रावर झुबुंटू घातली. तेच पान, तोच ब्राउझर, आणि बाईंनी वर्गाची माहिती शेवटपर्यंत भरली. मग त्यांनी विचारले, "सर, हे किती वर्षं चालेल?"

यंत्र पाच वर्षे चालेल याची मला खात्री होती. उत्तर मात्र २०२७ असेच द्यावे लागले.

या फरकामागची व्यवस्था मला ठाऊक आहे. कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, आणि 'मेन' या सॉफ्टवेअर भांडारातल्या गोष्टींची पाच वर्षांची जबाबदारी तुमची कंपनी घेते, आणि तो लाभ झुबुंटूच्या यंत्रालाही होतो. एक्सएफसीई मात्र 'युनिव्हर्स' भांडारात आहे. त्याची देखभाल स्वयंसेवक करतात आणि त्यांनी तीन वर्षांचा शब्द दिलेला असतो. पुढे युनिव्हर्सच्या सुरक्षेसाठी उबुंटू प्रो हे तुमचे सदस्यत्व आहे. ते व्यक्तिगत वापरासाठी पाच यंत्रांपर्यंत मोफत आहे आणि ही सोय खरोखर चांगली आहे. पण शाळा म्हणजे व्यक्ती नव्हे, आणि तिच्या खोलीत पाचापेक्षा जास्त यंत्रे असतात.

शटलवर्थ साहेब, पर्यायी डेस्कटॉपचे मोल तुमच्याइतके दुसऱ्या कुणाला कळायला हवे? २०११ मध्ये तुम्ही उबुंटूचा मुख्य डेस्कटॉप बदलून युनिटी आणलात. अनेक जण नाराज झाले. त्यांतल्या काहींनी कुरकुर करत न बसता ग्नोमची वेगळी बांधणी सुरू केली आणि २०१३ मध्ये 'उबुंटू ग्नोम' हा अधिकृत फ्लेवर झाला. एप्रिल २०१७ मध्ये तुम्ही युनिटी सोडत असल्याचे जाहीर केलेत आणि त्याच ऑक्टोबरला उबुंटू १७.१० ग्नोमवर आली. ती उडी इतक्या लवकर जमली, कारण ग्नोम उबुंटूवर नीट चालता ठेवण्याचे काम ही माणसे चार वर्षे मुकाट्याने करत होती. आज तुमच्या मुख्य आवृत्तीवर जो डेस्कटॉप आहे, तो तेव्हा बाजूचा होता.

आणि ज्या युनिटीला तुम्ही निरोप दिलात, ती पुन्हा उभी करण्यात पुढाकार होता भारतातल्या एका शाळकरी मुलाचा. २०२० मध्ये त्याने 'उबुंटू युनिटी' सुरू केली आणि २०२२ मध्ये ती अधिकृत फ्लेवर झाली. पुढे हात कमी पडले, आणि ऑक्टोबर २०२५ च्या २५.१० ला उबुंटू युनिटी निघालीच नाही. मला याचे फार वाईट वाटले. अधिकृत म्हणून नाव दिले, पण माणूसबळ दिले नाही, तर याहून वेगळे काय होणार? कुबुंटूसाठी पगारी माणूस ठेवणेही तुम्ही २०१२ मध्ये थांबवले होते.

तुमची बाजूही समजते. प्रत्येक डेस्कटॉप म्हणजे दर एप्रिल-ऑक्टोबरला चाचण्यांचे नवे ओझे, आणि कंपनीचे उत्पन्न येते मुख्यतः सर्व्हर आणि क्लाउडमधून. म्हणून सगळ्याच फ्लेवरना एकदम पाच वर्षे द्या असा माझा हट्ट नाही. सुरुवात एक्सएफसीई आणि एलएक्सक्यूटीपासून करा, कारण जुनी यंत्रे याच दोघांवर तगून आहेत. एलटीएसमधल्या त्यांच्या पॅकेजांची पाच वर्षांची सुरक्षा कंपनीने अंगावर घ्यावी, आणि स्वयंसेवकांच्या मदतीला चाचणीसाठी दोन-चार पगारी माणसे द्यावीत. ते होईपर्यंत निदान सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी उबुंटू प्रोची पाच यंत्रांची अट काढून टाका.

आणखी एक, आणि याला पैसा लागत नाही. डाउनलोडच्या पानावर ठळक जागा उबुंटू डेस्कटॉपला असते, फ्लेवरची यादी वेगळ्या पानावर. जुने यंत्र घेऊन आलेला नवखा माणूस त्या यादीपर्यंत पोचत नाही. तो पहिलीच आयएसओ फाइल उतरवतो, पेन ड्राइव्हवर घेतो, आणि डिस्कचा दिवा बघून "लिनक्स हळू चालते" असे ठरवून परत जातो. त्याच पानावर "४ जीबीपेक्षा कमी रॅम आहे?" एवढा प्रश्न आणि त्याखाली झुबुंटू-लुबुंटूचे दुवे हवेत.

२०११ पर्यंत तुमची कंपनी मागेल त्याला उबुंटूची सीडी घरपोच पाठवत असे, टपालखर्चही तुमचाच. कुबुंटूचीही सीडी मागवता येई. आमच्यापैकी कित्येकांनी लिनक्स पहिल्यांदा पाहिले ते त्या पाकिटातून, नेट परवडत नव्हते त्या काळात. तेवढ्याच मोठ्या मनाने आता हा निर्णय घ्या. पुढच्या एलटीएसच्या घोषणेत झुबुंटू आणि लुबुंटूच्या नावापुढे 'पाच वर्षे' छापलेले दिसू द्या.

आपला,
उबुंटूचा एक जुना वापरकर्ता