हाड कोणाचे, नाव कोणाचे?

दिवाळी अंकात हाडांची चर्चा म्हणजे चकलीच्या डब्यात खडा, असे घरातील वडीलधारी मंडळी म्हणतील. म्हणोत बापडी! मी ज्या हाडांविषयी लिहिणार आहे ती कोट्यवधी वर्षांपूर्वी दगड होऊन बसली आहेत. त्यांचा विटाळ कोणाला व्हायचा नाही. विटाळ झालाच असेल तर तो आपल्या विद्वत्तेला झाला आहे. ज्याने ऊनपावसात वाकून, चिखलात हात घालून ते हाड वर काढले, त्याला विसरायचे. आणि ज्याने ते मेजावर ठेवून त्यावर निबंध वाचला, त्याला अजरामर करायचे, ही रीत दोनशे वर्षे चालत आली आहे. माझे भांडण या रीतीशी आहे.

भांडायला उभा राहणाऱ्याने आपले गाव सांगावे, म्हणून सांगतो. मी प्रतापगडचा. अफझलखानाचा कोथळा निघाला तो प्रतापगड नव्हे. गोंदिया जिल्ह्यातला, महाशिवरात्रीला जेथे महादेवाची यात्रा भरते आणि त्याच डोंगरावरच्या दर्ग्यालाही लोक तितक्याच भावाने जातात, तो प्रतापगड. शिक्षण मॅट्रिक, धंदा मास्तरकीचा, आणि व्यसन कादंबऱ्या लिहिण्याचे. आमच्या भागातला खडक बहुतांशी इतका म्हातारा आहे की, तो घडला तेव्हा पृथ्वीवर हाडे असलेला प्राणीच जन्मला नव्हता. तेव्हा या भांडणात माझ्या गावाचा स्वार्थ कवडीचाही नाही, हे आधीच नोंदवून ठेवतो.

या रीतीचा सर्वांत ठळक बळी म्हणजे इंग्लंडातील मेरी अ‍ॅनिंग. समुद्रकाठच्या लाइम रीजिस गावात १७९९ साली एका गरीब सुताराच्या घरी ती जन्मली. बाप १८१० साली वारला. मागे उरले ते कर्ज. कड्यावरून कोसळलेल्या दरडीत सापडणारे शंखशिंपल्यांचे दगड प्रवाशांना विकून घर चालू लागले. १८११ साली तिच्या भावाला चार फूट लांबीची एक कवटी दिसली आणि पुढच्या वर्षी मेरीने उरलेला सांगाडा हुडकून काढला. वय जेमतेम बारा-तेरा! लोकांना ती मगर वाटली. ती मगर नव्हती. डायनॉसोरांच्या युगात समुद्रात पोहणारा, माशाच्या आकाराचा सरपटणारा प्राणी होता. पुढे त्याला इक्थिओसॉर हे नाव पडले. सांगाड्याचे कुटुंबाला तेवीस पौंड मिळाले. १८१४ साली सर एव्हरार्ड होम यांनी त्यावर निबंध प्रसिद्ध केला. त्यात अ‍ॅनिंग हे नाव शोधून सापडत नाही.

१८२३ साली तिने लांब मानेच्या प्लेसिओसॉरचा पहिला पुरा सांगाडा काढला. पुढच्या वर्षी लंडनच्या भूगर्भ-मंडळात कोनीबेअर यांनी त्याचे वर्णन वाचले. पुन्हा तेच! मेरीचा उल्लेख नाही. ती बाई असल्यामुळे मंडळाची सभासदही होऊ शकत नव्हती. त्या मंडळाने स्त्रियांना सभासद केले ते १९१९ साली. मेरी तर १८४७ सालीच वारली होती. खडक तिने ओळखावा, भरतीची वेळ तिने साधावी, दरड अंगावर येण्याचा धोका तिने पत्करावा, आणि टाळ्या सभागृहात पडाव्यात!

"हे विलायतेतले झाले, आपल्याकडे काय?" असे कोणी विचारील. आपल्याकडेही तेच आहे. फक्त आपल्याकडे विसरलेल्या माणसाची कहाणी सांगायलादेखील कोणी उरलेले नाही.

आपल्याकडच्या गोड्या पाण्यातल्या जुन्या जिवांचेच पाहा. मुंबईचे वरळी घ्या. दख्खनच्या लाव्हाच्या थरांमध्ये तेथे तळ्यातल्या गाळाचे थर दबून राहिले आहेत. त्यांत डॉक्टर लीथ यांना एका कासवाचा अवशेष मिळाला आणि १८५२ साली डॉक्टर कार्टर यांनी त्याचे वर्णन केले. आज त्या कासवाचे शास्त्रीय नाव कार्टेरेमिस लीथिआय. म्हणजे अर्धे नाव वर्णन करणाऱ्याचे, अर्धे मिळवणाऱ्या साहेबाचे. वाटणी चोख झाली! त्या टेकडीचा दगड फोडणारेही कोणी असतीलच. त्यांच्यासाठी त्या नावात जागा उरली नाही.

आता आमच्या विदर्भाकडे या. १८४५ साली स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी नागपुरास आला. पुढच्या वर्षी त्याने शाळा काढली. आपला सहकारी रॉबर्ट हंटर याच्यासह तो मुलखाचे खडक तपासत हिंडला. नागपूरच्या दक्षिणेस मांगली येथील तांबड्या दगडातून एक चपटी, रुंद कवटी निघाली. ती लंडनला गेली. डायनॉसोर हा शब्द ज्याने घडवला त्या रिचर्ड ओवेनने १८५५ च्या सुमारास तिचे वर्णन केले आणि ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स असे तिचे बारसे केले. सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वी पाण्यात राहणारा, बेडकांच्या दूरच्या गोतावळ्यातला हा प्राणी. ओवेनने त्या काळच्या समजुतीप्रमाणे त्याला सरपटणाऱ्यांत जमा केले.

हिस्लॉपशी माझे वैर नाही. उलट, शाळामास्तराने कसे असावे याचा तो नमुना आहे. त्याने दगड जमवले, बिया जमवल्या, गोंडांची लिंगोची कथा उतरवून घेतली. आणि १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची जुनी शिलावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात तो बुडून मेला. त्याचे नाव एका खनिजाला आहे, एका जलचराला आहे, नागपूरच्या महाविद्यालयालाही आहे. तो त्याचा हक्कच आहे. "मिशनऱ्याचे गोडवे कशाला?" म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी आधी एक दिवस भर उन्हात खडक फोडून दाखवावा. माझे म्हणणे एवढेच की, परक्या मुलखात आलेल्या माणसाला पायवाट दाखवणारा, बैल हाकणारा, "साहेब, असला दगड आमच्या नाल्यात आहे" असे सांगणारा कोणी गावकरी असल्यावाचून हे घडत नाही. तो गावकरी कोठे आहे?

सगळा दोष साहेबाच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. पण साहेब जाऊन पाऊण शतक उलटले! प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, आमच्या सिरोंच्याच्या पलीकडच्या अंगाला, १९६१ साली एका प्रचंड डायनॉसोराची सुमारे तीनशे हाडे मिळाली. रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचे ते वर्ष. म्हणून १९७५ साली त्याला बारापासॉरस टागोरेई असे नाव दिले. 'बारा पा' म्हणजे बंगालीत मोठा पाय. कवीचा सन्मान झाला, आनंद आहे. पण तीनशे हाडे काही कवितेने उचलली नाहीत. ज्यांच्या शेताबांधावरून ती गेली, त्यांच्या गावाचे नाव तरी त्या प्राण्याला शोभले नसते काय?

यावर विद्वान म्हणतात, "सापडणे हा योगायोग; अर्थ लावणे हे ज्ञान." हा युक्तिवाद मला मुळीच मान्य नाही. हाड बोलते ते आपल्या जागेवरून. कोणत्या थरात होते, वर काय होते, खाली काय होते, शेजारी कोणते शिंपले होते, यावरून त्याचे वय आणि त्याची हकीकत ठरते. जागा हरवलेले हाड म्हणजे सातबारा हरवलेले शेत. कोणीही यावे आणि काहीही सांगावे! आणि ती जागा पहिल्यांदा कोणाला माहीत असते? वाकणाऱ्याला. त्याचे नाव पुसणे हा नुसता कृतघ्नपणा नाही. तो अर्ध्या ज्ञानावर बोळा फिरवणे आहे.

वरोरा तालुक्यातील पिसदुऱ्याचेच पाहा. हिस्लॉपच्या काळापासून तेथल्या मातीत डायनॉसोरांची हाडे मिळतात. हाडांबरोबर तेथे विष्ठेचेही दगड झालेले गोळे मिळतात. कोणीही लाथाडून पुढे जावे असा तो माल. पण शास्त्रज्ञांनी ते गोळे तपासले आणि २००५ साली जगाला कळले की, डायनॉसोर होते तेव्हा गवतही होते. तोवर गवत नंतरचे समजले जाई. पुढे २०११ साली, भाताच्या कुळाशी नाते सांगणारे गवतही त्या काळी होते, असा पुरावा पुढे आला. आम्ही धानपट्ट्यातली माणसे; आमच्या ताटातल्या भाताची वंशावळ वरोऱ्याच्या शेणगोळ्यात निघावी, याहून मोठी कादंबरी मला लिहिता यायची नाही. अशी संपत्ती असलेल्या मुलखातील किती शाळांच्या फळ्यावर पिसदुऱ्याचे नाव कधी लिहिले गेले असेल?

दुसरा आक्षेप असा की, गावकऱ्याला मान दिला तर तो हाडे उकरून विकत सुटेल. आश्चर्य आहे! ज्याला मान मिळतो तो राखण करतो. ज्याला फक्त चार पैसे मिळतात तो विकतो. ज्या पोराला ठाऊक आहे की हा दगड जागेवरच ठेवून मास्तरांना सांगितले तर आपले नाव संग्रहालयात लागेल, तो पोर गावच्या सर्व चोरांना पुरून उरेल.

म्हणून माझी मागणी लहान आहे. संग्रहालयातील प्रत्येक अवशेषाखाली तीन ओळी असाव्यात: कोणाला सापडले, कोठे सापडले, वर्णन कोणी केले. क्रम हाच. जुन्यांची नावे हरपली असतील तर गावाचे नाव तरी मोठ्या अक्षरात लिहावे. आणि यापुढे एकही नाव हरपू देऊ नये. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत मंडई भरते, रात्रभर नाटके होतात. त्यांच्या जाहिरातीत नायक-नायिकेबरोबर पेटीवाल्याचे आणि तबलजीचेही नाव छापतात. जे शहाणपण आमच्या नाटकमंडळीला आहे, ते विज्ञानाला नसावे?

लाइम रीजिस गावात २०२२ साली मेरी अ‍ॅनिंगचा पुतळा उभा राहिला. त्यासाठी हट्ट धरला तो कोणा विद्वानाने नव्हे, एका शाळकरी मुलीने. तिने विचारले, येथे मेरीचा पुतळा का नाही? वाचकहो, फराळाचे ताट पुढे घेऊन बसलेल्या आपल्या मुलांनाही असेच विचारू द्या. ती चिखलाचे हात घेऊन एखादा दगड दाखवायला आली तर आधी हात धुवायला पाठवू नका. आधी विचारा, कोठे मिळाला? आणि वहीत त्या दगडापुढे त्यांचे नाव लिहायला लावा.

कसेल त्याची जमीन, ही घोषणा आपण ऐकली, काही अंशी कायद्यातही आणली. आता एवढेच मान्य करा: शोधील त्याचे नाव.