अंतर्गळ लपवू नका, स्वस्त जाळीला भिऊ नका



नवे बियाणे बाजारात आले की शहाणा शेतकरी काय करतो? दुकानदाराच्या शब्दावर सगळे शेत पेरून टाकीत नाही. एका तुकड्यात नवे पेरतो, शेजारच्या तुकड्यात जुने. माती तीच, पाणी तेच, खत तेच. मळणी झाली की दोन्ही राशी शेजारी शेजारी लावून पाहतो आणि मग ठरवितो. शस्त्रक्रियेचीही पारख अशीच व्हावयास हवी. हर्नियाच्या बाबतीत ती झाली आहे, आणि तिचा निकाल आपल्यासारख्यांच्या फार उपयोगाचा आहे.

हर्निया म्हणजे आपला अंतर्गळ. जांघेपाशी पोटाच्या भिंतीत फट पडते व तीतून चरबी किंवा आतडे बाहेर डोकावते. पोते उचलताना किंवा खोकताना फुगवटा दिसतो, आडवे झाल्यावर आत जातो. असा माणूस प्रत्येक वाड्यावर सापडेल. तो लाजेने बायकोलाही सांगत नाही. खर्चाच्या भीतीने "यंदाची सुगी उरकू दे" म्हणतो आणि पट्टा बांधून वर्षे काढतो. पट्टा फुगवटा दाबून धरतो, फट बुजवीत नाही. कोणत्याही तेलाने वा पाल्याने ती बुजत नाही.

पूर्वी शस्त्रक्रियेत फटीच्या कडा ओढून टाके घालीत. ताण पडला की ते काहींच्या बाबतीत उसवत. फाटक्या पोत्याला नुसते टाके घालण्यापेक्षा ठिगळ लावणे बरे, हे आपण जाणतोच. तसे ठिगळ म्हणून प्लॅस्टिकच्या धाग्याची जाळी बसविण्याची पद्धत पुढे जगभर रूढ झाली. परंतु कारखान्यातून आलेली जाळी गरिबाला परवडेना.

येथे आपल्या मराठी मुलखातील एका शल्यविशारदाचे नाव घेतले पाहिजे. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचे कापड तशाच जातीच्या धाग्याचे असल्याचे ओळखले. ते निर्जंतुक करून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या ठिकाणी साडेतीनशेहून अधिक हर्नियांवर वापरले, आणि 2003 साली त्याचा अहवाल शल्यचिकित्सेच्या भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. निकाल चांगले होते. पण शेजारी जुन्या बियाण्याचा तुकडा नव्हता, म्हणून शंका घ्यायला जागा राहिली.

ती शंका आफ्रिकेतील युगांडा देशात दूर झाली. तेथे 302 पुरुष रुग्णांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला महागडी जाळी बसविली, दुसऱ्याला मच्छरदाणीच्या कापडाची. कोणाला कोणती बसली हे रुग्णाला ठाऊक नव्हते आणि नंतर तपासणाऱ्यालाही नव्हते. 2016 साली निकाल प्रसिद्ध झाला. वर्षभरात स्वस्त जाळीच्या गटात एकाच रुग्णाचा हर्निया उलटला, महाग जाळीच्या गटात एकाचाही नाही. शस्त्रक्रियेनंतरचे लहानमोठे त्रास दोन्हीकडे शंभरात सुमारे तीस जणांना झाले. किंमत मात्र एका जाळीची सुमारे एक डॉलर, तर दुसरीची सव्वाशे डॉलर!

काहीजण म्हणतील, "गरिबाच्या पोटात मच्छरदाणी घालणे हा त्याचा अपमान नव्हे काय?" माझे मत उलट आहे. खर्चापायी त्याला पट्ट्यावर ठेवणे हा खरा अपमान. स्वस्त वस्तू न तपासता त्याच्या माथी मारली असती, तर तोही अपमानच होता. पण ती तपासली गेली आणि कसोटीस उतरली. तेव्हा महाग तेच चांगले, हा समज आता सोडावा. मात्र एक लक्षात ठेवा: घरातली मच्छरदाणी या कामाची नव्हे, कीटकनाशक लावलेली तर मुळीच नाही. धागा कोणता व तो निर्जंतुक कसा करावा, हे शल्यविशारदाचे काम आहे. आपण एवढेच विचारावे: "डॉक्टरसाहेब, कोणती जाळी बसविणार? किंमत काय? याहून स्वस्त व तितकीच चांगली आहे काय?" असे विचारण्यात उद्धटपणा नाही. सरकारी रुग्णालयात किंवा सरकारी योजनेत सोय आहे का, हेही विचारावे.

प्रत्येकाने उद्याच शस्त्रक्रिया करावी काय? याचीही पारख झाली आहे. उत्तर अमेरिकेत फारसा त्रास नसलेल्या 720 पुरुषांचे असेच चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाची शस्त्रक्रिया केली, दुसऱ्यावर नुसते लक्ष ठेवले. 2006 साली प्रसिद्ध झालेला निकाल असा, की अशा पुरुषांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबले तरी चालते. आतडे अडकण्याचा प्रसंग क्वचितच आला. पण पुढील दहा वर्षांत थांबलेल्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश पुरुषांनी शस्त्रक्रिया करून घेतली, बहुतेकांनी दुखू लागले म्हणून. ओझी वाहणाऱ्याने यातून बोध घ्यावा आणि दोन हंगामांमधला मोकळा काळ आधीच ठरवून ठेवावा. हे थांबणे फक्त पुरुषांपुरते. स्त्रियांच्या जांघेतील हर्नियात आतडे अडकण्याचा धोका अधिक असतो, आणि तान्ह्या मुलाच्या जांघेतला हर्निया आपोआप बरा होत नाही. दोघांनाही लवकर दाखवावे.

आणि हे घरातील सर्वांनी पाठ करावे: फुगवटा कडक झाला, आत जाईना, दुखू लागला, वांत्या सुरू झाल्या, पोट फुगले, शौच व वारा बंद झाला, तर आतडे अडकले असे समजावे. चोळू नये, जोराने दाबू नये, सकाळची वाट पाहू नये. रात्री मिळेल त्या वाहनाने शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. आतड्याचा रक्तपुरवठा तुटला तर काही तासांत ते कुजू लागते, आणि तेथे जाळी स्वस्त की महाग हा प्रश्नच उरत नाही.

बैल लंगडला तर आपण त्याच दिवशी गुरांच्या डॉक्टरला बोलावतो. आपल्या स्वतःच्या देहाला निदान तेवढा तरी मान देऊ या.